अडथळा आणि मर्यादा

मोटारसायकलच्या कार्बोरेटरमधले जेट ही पितळेची अगदी क्षुल्लक वस्तू आहे. करंगळीच्या पेराएवढा तिचा आकार. एका टोकाला स्क्रूड्रायव्हरची खाच, अंगावर आटे आणि मधोमध आरपार गेलेले एक छिद्र. इंजिनाच्या मंद गतीला पेट्रोल पुरवणाऱ्या पायलट जेटमध्ये हे छिद्र बहुधा अर्ध्या मिलिमीटरहूनही अरुंद असते. एवढीशी वाट बुजली की शंभर-सव्वाशे किलोंची धडधाकट गाडी किकमागून किक मारली तरी दाद देत नाही. गॅरेजमधला मेकॅनिक टाकीचा कॉक बंद करतो, कार्बोरेटर उतरवतो आणि निदान एका वाक्यात सांगतो : जेटमध्ये कचरा आला आहे.

वरवर पाहता पुढचे काम सरळ आहे. बुजलेले छिद्र मोकळे करायचे. परंतु या सरळ दिसणाऱ्या कामाच्या पोटात एक जुना नैतिक प्रश्न दडलेला आहे. जेटमध्ये साचलेला मळ पेट्रोलला अडवतो, हे खरे. पण जेट स्वतःही पेट्रोलला अडवण्यासाठीच तेथे बसवलेले असते. एक अडवणूक समूळ काढून टाकायची आणि दुसरी जशीच्या तशी राखायची, असे हे काम आहे. आणि या दोन्ही अडवणुकी अर्ध्या मिलिमीटरच्या जागेत एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात. पहिलीला अडथळा म्हणावे, दुसरीला मर्यादा. दोहोंतला भेद शब्दांत सोपा आहे. हाताला तो कळणे मात्र अवघड, आणि समाजाला कळणे त्याहूनही अवघड.

जेट मर्यादा कशी घालते, हे समजण्यासाठी कार्बोरेटरची रचना थोडी पाहावी लागते. इंजिन हवा ओढते. ती हवा कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून जाताना तिचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. वेग आणि दाब यांच्या या संबंधाचा विचार डॅनिएल बर्नुली यांनी १७३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आला. अरुंद होत जाणाऱ्या नळीतील प्रवाहाचा अभ्यास जोव्हानी बात्तिस्ता व्हेंतुरी यांनी १७९७ साली प्रसिद्ध केला. आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात विल्हेल्म मायबाख यांनी त्याच तत्त्वावर पेट्रोलचा फवारा उडवणारा कार्बोरेटर घडवला. गळ्यातील दाब उतरला की खालच्या वाटीत साठलेले पेट्रोल बाहेरच्या हवेच्या दाबाने जेटमधून वर ढकलले जाते आणि त्याचे तुषार हवेत मिसळतात. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण साधण्याचे काम छिद्राच्या मापावर सोपवलेले असते. जेटमध्ये हलणारा भाग नाही, झडप नाही, स्प्रिंग नाही. त्याचे सारे कर्तृत्व त्याच्या पोकळीत आहे, आणि ती पोकळी केवढी आहे याला तिच्या असण्याइतकेच महत्त्व आहे.

जेट काढून टाकले तर पेट्रोल अधिक मोकळेपणाने वाहील, यात शंका नाही. पण इंजिन चालणार नाही. ते पेट्रोलमध्ये बुडेल. इमॅन्युएल कांट यांनी १७८१ साली प्रसिद्ध झालेल्या शुद्ध बुद्धीच्या चिकित्सेवरील ग्रंथाच्या उपोद्घातात एका कबुतराचा दृष्टान्त दिला आहे. उडताना हवेचा विरोध जाणवणाऱ्या त्या पाखराला वाटते की, निर्वात पोकळीत आपल्याला किती सहज उडता आले असते. जो विरोध त्याला दमवतो, त्याच्याच आधारावर त्याचे पंख तरलेले असतात, हे त्याच्या ध्यानात येत नाही. कांट यांचा रोख अनुभवाचा आधार सोडून निघणाऱ्या तत्त्वज्ञानाकडे होता. जेटच्या संदर्भात तो दृष्टान्त इतकेच सांगतो की, प्रत्येक विरोध शत्रू नसतो. काही विरोधांमुळेच गती शक्य होते. मर्यादेची ओळख त्यातून पटते. जी नाहीशी केली असता आपले कार्यच नाहीसे होते, ती मर्यादा.

आता अडथळ्याकडे वळावे. जेटमध्ये येणारा कचरा दोन प्रकारचा असतो. टाकीच्या आतल्या बाजूला गंज चढतो, त्याचे कण पेट्रोलबरोबर खाली उतरतात. फाटक्या गाळणीतून धूळ येते. पाण्याचे थेंब वाटीच्या तळाशी बसतात आणि तेथील धातूवर पांढरी भुकटी धरते. हा कचरा बाहेरचा म्हणता येईल. दुसरा प्रकार अधिक विचार करायला लावणारा आहे. पेट्रोल हा अनेक द्रव्यांचा मिलाफ असतो. गाडी चार-सहा महिने उभी राहिली की त्यातील हलकी द्रव्ये आधी उडून जातात. मागे उरलेल्यांवर हवेतील प्राणवायूची क्रिया होते आणि डिंकासारखा चिकट, पिवळसर तपकिरी थर छिद्राच्या भिंतीवर धरतो. अलीकडे पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वाढत गेले आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री भारतात २०२३ साली सुरू झाली. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, त्यामुळे पावसाळाभर उभ्या राहिलेल्या जुन्या गाडीच्या वाटीत पाणी आणि गंज यांचाही धोका वाढतो.

म्हणजे जे कालपर्यंत वाहत होते, तेच थांबल्यामुळे आज वाट अडवून बसले आहे. अडथळा पुष्कळदा परका नसतो. तो प्रवाहाचाच थिजलेला भाग असतो. रूढींच्या बाबतीत हे अनेकांना मान्य होईल. एखादी रीत कधीकाळी जगण्याच्या ओघात उपयोगी पडलेली असते. ओघ पुढे जातो, रीत भिंतीला चिकटून राहते आणि भिंतीचाच भाग असल्यासारखी दिसू लागते. जेटच्या भिंतीवरचा डिंक कोठे संपतो आणि पितळ कोठे सुरू होते, हे नुसत्या डोळ्यांना सांगता येत नाही. अडथळा आणि मर्यादा यांची गल्लत होते ती येथे.

या गल्लतीतून प्रथम जन्माला येते ती तडजोड. पायलट जेट अर्धवट बुजले की गाडी चोक ओढून सुरू होते, आणि चोक सोडताच बंद पडते. चोक मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढवतो, त्यामुळे जेटमधली तूट तेवढ्यापुरती झाकली जाते. मग मालक चोक अर्धा ओढूनच गाडी चालवतो. सिग्नलपाशी उभे राहताना मूठ जरा पिळून धरतो. मंद गतीचा स्क्रू अर्धा फेरा आवळून घेतो. दोन महिन्यांनी ही सवय इतकी अंगवळणी पडते की गाडीचा तोच स्वभाव आहे, असे तो शेजाऱ्याला सांगू लागतो. मेन जेट बुजले असेल तर हळू चालवताना काही जाणवतच नाही. पूर्ण वेगाची मागणी केली की गाडी धापा टाकते. तेव्हा तो वेगाची मागणी करणेच सोडून देतो. माणूस अडथळ्याला शरण जातो तो बहुधा असा. कोणी त्याच्यावर सक्ती केलेली नसते; त्याने भोवतीच्या साऱ्या गोष्टी अडथळ्याच्या मापाने बेतून घेतलेल्या असतात. या शरणागतीची किंमत इंजिन मोजते. पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली की ते अधिक तापते. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागणाऱ्या येझदी, राजदूत यांसारख्या जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांत तर पेट्रोल कमी पडणे म्हणजे वंगणही कमी पडणे.

तडजोडीच्या दुसऱ्या टोकाला तार असते. छिद्र बुजले आहे, तर त्यात काहीतरी खुपसावे, हा विचार सर्वांना सुचतो. हाताशी पिन असते, सुई असते, ब्रेकच्या केबलचा तुटका धागा असतो. पोलाद पितळेहून कठीण. तार दोन-चार वेळा फिरवली की मळ निघतो आणि त्याबरोबर पितळेचा अदृश्य कीसही निघतो. गाडी सुरू होते, मालक खूश होतो, पैसे दिले-घेतले जातात. छिद्राचा व्यास ०.४० मिलिमीटर होता, तो ०.४४ झाला, एवढेच घडलेले असते. व्यासात दहा टक्क्यांची वाढ. परंतु वर्तुळाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते, म्हणून वाट २१ टक्क्यांनी रुंदावते आणि जवळजवळ त्याच प्रमाणात पेट्रोल अधिक जाऊ लागते. पुढे प्लग काळा पडतो, अॅव्हरेज उतरते, धूर येतो. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन टाकते आणि पिस्टनच्या रिंगा झिजतात. हे सारे सावकाश घडते. ज्या दिवशी ते ध्यानात येते, त्या दिवशी तारेची आठवणही कोणाला राहिलेली नसते.

या कृत्यातली खरी हानी मात्र आणखी वेगळी आहे. प्रत्येक जेटवर एक आकडा कोरलेला असतो. काही कारखाने त्यातून छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतात, काही ठराविक वेळात जेटमधून वाहणाऱ्या द्रवाचे प्रमाण सांगतात. पद्धत कोणतीही असो, तो आकडा हे एक वचन आहे. तारेने छिद्र रुंदावते, आकडा तसाच राहतो. जेटवर ९५ लिहिलेले असते आणि जेट ९५चे उरलेले नसते. पुढचा मेकॅनिक आकडा वाचतो, जेट योग्य आहे असे समजतो आणि दोष दुसरीकडे शोधू लागतो. झडपा उघडतो, प्लग बदलतो, मालकाचा खिसा रिकामा करतो. बुजलेले जेट निदान आपण बुजलो आहोत हे लपवीत नाही. रुंदावलेले जेट आपल्या अंगावरच्या खुणेनिशी खोटे बोलते.

मापाचे खोटेपण ही नीतिविचाराची जुनी चिंता आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वजनमापांवर देखरेख करणारा पौतवाध्यक्ष नावाचा अधिकारी सांगितला आहे. वजने लोखंडाची असावीत, मगध आणि मेकल येथील दगडाची असावीत, किंवा पाण्याने वाढणार नाहीत व उष्णतेने घटणार नाहीत अशा द्रव्याची असावीत, असा त्यातला दंडक आहे. माल निकृष्ट असेल तर एका गिऱ्हाइकाची फसवणूक होते. माप निकृष्ट असेल तर फसवणूक ओळखण्याचे साधनच हरपते. म्हणून माप बिघडवणे हा इतर अपराधांहून वेगळ्या जातीचा अपराध ठरतो. तारेने जेट साफ करणाऱ्याच्या मनात फसवण्याचा हेतू नसतो. तरीही त्याच्या हातून घडते ते हेच.

त्याला दोषी धरण्यापूर्वी त्याची बाजू मांडली पाहिजे. जेट नीट साफ करायला वेळ लागतो. खाचेत अचूक बसणाराच स्क्रूड्रायव्हर घ्यावा लागतो, नाहीतर मऊ पितळेची खाच पसरते. रबरी भाग आधी वेगळे काढावे लागतात, कारण द्रावणात ते फुगतात. मग जेट द्रावणात बुडवून ठेवायचे. डिंक जुना असेल तर रात्रभरही. नंतर कंप्रेसरची हवा नेहमीच्या प्रवाहाच्या उलट दिशेने मारायची, जेट उजेडासमोर धरून छिद्र गोल दिसते की नाही ते पाहायचे. मळ तरीही निघाला नाही तर जेट टाकून त्याच आकड्याचे नवे बसवायचे. आणि टाकीतला गंज, फाटकी गाळणी तशीच ठेवली तर महिन्याभरात हे सारे पुन्हा करायचे. दारात पाच गाड्या उभ्या आहेत, मालकाला घाई आहे आणि या रात्रभराच्या वाट पाहण्याचे पैसे मोजायला तो तयार नाही. काम उरकल्यावर जेट पुन्हा वाटीच्या आत जाते. ते कसे साफ केले, हे कोणालाही दिसणार नसते. अशा स्थितीत तारेचा मोह होणे यात केवळ मेकॅनिकचा दोष नाही. परिणाम तत्काळ हवा आणि पद्धतीची चौकशी नको, अशी ज्याची मागणी असते, त्याचाही हात त्या तारेला लागलेला असतो.

आडरानात, रात्रीच्या वेळी, रुग्णाला घेऊन निघालेल्या माणसाची गाडी बंद पडली तर? तेथे रात्रभर द्रावणात बुडवण्याचा उपदेश करणे क्रूरपणाचे होईल. विजेच्या वायरीतला तांब्याचा एक बारीक, मऊ धागा हलक्या हाताने फिरवून गाडी पुढे न्यावी, हेच तेथे योग्य. पण त्यानंतरही एक कर्तव्य उरते : जे केले ते सांगणे. दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये गेल्यावर ‘यात धागा घातला होता, जेट तपासून पाहा’ एवढे वाक्य उच्चारले, तर मापाचे वचन मोडत नाही. आपद्धर्माला धर्मात स्थान आहे, पण तो नित्याचा करता येत नाही आणि झाकूनही ठेवता येत नाही.

येथवर मर्यादेचा पक्ष मांडला गेला. तो येथेच थांबवला तर मोठा अन्याय होईल. कारण मराठीत ‘मर्यादा’ हा शब्द निष्पाप राहिलेला नाही. ज्यांच्या हाती सत्ता होती, त्यांनी शतकानुशतके आपल्या सोयीच्या अडथळ्यांना मर्यादेचे नाव दिले. स्त्रियांना अक्षरओळख नको, ही मर्यादा. अमुक जातींनी अमुक वाटेने जाऊ नये, ही मर्यादा. कांटच्या कबुतराने मर्यादेला अडथळा मानले. येथे नेमकी उलटी चूक झाली, आणि ती अजाणता झाली असे म्हणणेही कठीण आहे. महाडच्या चवदार तळ्याची हकिकत या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखी आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, असा ठराव १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात संमत झाला आणि महाडच्या नगरपालिकेनेही त्याला अनुसरून तळे खुले केल्याचे जाहीर केले. वाट कागदावर मोकळी झाली, प्रत्यक्षात बुजलेलीच राहिली. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि त्यांच्यासोबतच्या हजारो लोकांनी तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन प्राशन केले.

तळ्याला काठ असतो. काठ पाण्याला अडवतो, म्हणूनच तळे टिकते. तो फोडला तर पाणी वाहून जाईल आणि कोणाचीच तहान भागणार नाही. काठ ही मर्यादा. त्या काठावर काही माणसांना येऊ न देणे हा अडथळा. बंदी उठवली तर तळे बाटेल, असा बंदी घालणाऱ्यांचा दावा होता. म्हणजे बंदी हाच जणू काठ आहे, असे ते सांगत होते. परीक्षा साधी होती. बंदी गेल्याने तळ्याचे तळेपण गेले काय? ते पुष्ट झाले. जे काही थोड्यांचे होते, ते खऱ्या अर्थाने गावाचे झाले. याच लढ्यातली पुढची घटनाही ध्यानात घेण्याजोगी आहे. त्या वर्षी डिसेंबरात दुसऱ्या सत्याग्रहासाठी लोक महाडला जमले असता न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम आड आला. आंबेडकरांनी विषमतेचे समर्थन करणाऱ्या मनुस्मृतीचे जाहीर दहन घडवले. तळ्यावर जाणे मात्र स्थगित ठेवले आणि दावा न्यायालयात लढवला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ साली अस्पृश्यांच्या बाजूने लागला. दहा वर्षांचा हा काळ ज्यांनी तहानेत काढला, त्यांच्या सोसण्याला शब्द अपुरे आहेत. पण कशावर घाव घालायचा आणि काय अभंग ठेवायचे, याची जाण एका क्षुब्ध क्षणीही किती लख्ख असू शकते, हे त्या निर्णयात दिसते.

मर्यादा ओळखण्याची कसोटी यातून थोडी स्पष्ट होते. जी काढल्याने कार्य नाहीसे होते, ती मर्यादा. जी काढल्याने कार्य पूर्णत्वाला जाते, तो अडथळा. मात्र या कसोटीलाही एक पुरवणी जोडावी लागते : मर्यादाही चिरंतन नसते. मैदानी मुलखात अचूक असलेले जेट लडाखच्या खिंडींत चुकीचे ठरते. समुद्रसपाटीपासून पाच हजार मीटरांवर हवेची घनता सुमारे साठ टक्के उरते. पेट्रोल त्या मानाने घटत नाही, म्हणून मिश्रण जड होते आणि गाडी गुदमरते. येथे कचरा नाही, जेट स्वच्छ आहे, तरीही ते अयोग्य आहे. अशा वेळी जाणता मेकॅनिक कमी आकड्याचे जेट बसवतो, जुने जपून ठेवतो आणि खाली उतरल्यावर पुन्हा तेच लावतो. मर्यादा बदलली, पण उघडपणे बदलली. नव्या मर्यादेवर तिचा खरा आकडा आहे, आणि चूक झाली असेल तर परतीची वाटही आहे. सुधारणा आणि झीज यांत हाच फरक असतो. घटनेतील दुरुस्ती चर्चेनंतर, मतदानाने, क्रमांक देऊन केली जाते. तेच कलम पुस्तकात जसेच्या तसे ठेवून व्यवहारात रोज थोडे खरवडले, तर शब्द उभा राहतो आणि अर्थ रुंदावत किंवा बुजत जातो.

१ एप्रिल २०२० पासून भारतात लागू झालेल्या प्रदूषणविषयक मानकांनंतर नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. इंधनाचे माप आता संगणक ठरवतो; संवेदक धुरातला प्राणवायू मोजतात आणि क्षणाक्षणाला प्रमाण सुधारले जाते. उंचीवर गेले तरी जेट बदलावे लागत नाही. तरीही इंधन अखेर इंजेक्टरच्या बारीक छिद्रांतूनच फवारले जाते, आणि ती छिद्रेही बुजतात. भेद इतकाच की, ती उघडून उजेडासमोर धरणारे हात कमी होत चालले आहेत आणि तूट झाकण्याचे काम, जे पूर्वी अर्धा ओढलेला चोक करीत असे, ते आता संगणक मालकाला न सांगता काही काळ करीत राहतो.

जुन्या गाड्या अजून लाखोंनी रस्त्यावर आहेत, आणि पावसाळा संपला की त्या गॅरेजच्या दारात येतात. मेकॅनिकच्या एका हाताशी द्रावणाची वाटी असते, दुसऱ्या हाताशी तार. गाडी दोन्हींनी सुरू होईल. निवड करताना त्याला पाहणारे कोणी नसते; जेटवरचा तो बारीक आकडा खरा राहावा, असे त्याला स्वतःला वाटते की नाही, एवढ्यावरच ती अवलंबून असते.